शेतमजुरांचे हक्क आणि शेतकऱ्याचा हिशोब



वऱ्हाडात पेरणी यंत्राने होऊ लागली, फवारणीला बॅटरीचे पंप आले, सोयाबीनची मळणी यंत्रावर गेली. तरीही निंदण आणि कापसाची वेचणी आजही माणसाच्या, त्यातही बहुतांशी बायांच्या हातानेच होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटू लागला की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील गावागावांत एकच तक्रार ऐकू येते, "मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत." त्याच वेळी मजुरांच्या वस्तीत दुसरी तक्रार असते, "काम मिळते, पण वजन कमी धरतात, चुकारा लांबवतात, आणि बाईला माणसापेक्षा कमी रोज देतात." दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. दोन्ही तक्रारी वाढण्याचे एक मोठे कारण असे की, बियाणे व खत यांचा हिशोब आपण पैशापर्यंत ठेवतो, मजुरीचा मात्र तोंडी ठेवतो.

मजुरी ही मेहेरबानी नाही आणि खैरातही नाही. ती लागवडीच्या खर्चाची बाब आहे. ती नीट मोजावी, लिहून ठेवावी आणि वेळेवर द्यावी. हे कसे करावे, कायदा काय सांगतो आणि त्यात शेतकऱ्याचा फायदा कोणता, हे या पाठात पाहू.

शेतमजूर कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात जमीन कसणारे सुमारे ११ कोटी ८८ लाख, तर शेतमजूर सुमारे १४ कोटी ४३ लाख होते. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत तर शेतमजुरांची संख्या कसणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. शिवाय दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेला शेतकरी स्वतःचे निंदण आटोपले की शेजाऱ्याच्या शेतात रोजाने जातो. तेव्हा मजुराचा हक्क हा परक्याचा विषय नाही. आज मजूर लावणाऱ्या कित्येक घरांतील माणसे उद्या मजुरी करणारी असतात.

आपल्याकडे शेतमजुरांचे साधारण चार प्रकार दिसतात.

१) रोजंदार : दिवसाच्या मजुरीवर काम करणारे.

२) उक्ते काम घेणारे : एकरावर, ओळीवर किंवा किलोवर काम करणारे. कापूस वेचणी व सोयाबीन सोंगणी बहुधा याच पद्धतीने होते.

३) सालदार व महिनदार : वर्षाच्या किंवा महिन्याच्या बोलीवर राहणारे.

४) बाहेरगावचे मजूर : हंगामापुरते येणारे. मेळघाटातून सोयाबीन सोंगणीसाठी खाली येणारी कोरकू कुटुंबे यांत मोडतात.

कायद्याची वाटचाल

भारतीय संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली आणि कलम ३९ ने स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरविले. त्याआधीच, १९४८ साली, किमान वेतन कायदा झाला होता. त्याच्या अनुसूचीत शेतीचा समावेश होता. १९७६ साली समान वेतन कायदा आणि वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा असे दोन महत्त्वाचे कायदे झाले.

महाराष्ट्राने यात स्वतःची भर घातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेत मजुरी कामाच्या मापावर होती. इतके घनमीटर माती खोदली तर इतके रुपये, मग खोदणारा पुरुष असो वा स्त्री. एकाच कामाला स्त्रीचा दर वेगळा असण्याचे कारण नाही, ही गोष्ट खेड्यापाड्यांतील लाखो स्त्रियांनी या कामांवर प्रत्यक्ष अनुभवली.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय प्रत्येक शेतकऱ्याने माहीत करून घ्यावेत असे आहेत. १९६१ साली न्यायालयाने स्पष्ट केले की, किमान वेतन ठरविताना मालकाची ऐपत हा मुद्दा होऊ शकत नाही. १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही कलम २३ नुसार सक्तीची मजुरीच होय. पोटाची भूक हीसुद्धा एक सक्तीच आहे, असा या निकालाचा आशय आहे.

आता १९४८ चा किमान वेतन कायदा व १९७६ चा समान वेतन कायदा यांची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा मात्र स्वतंत्रपणे कायम आहे. शेतीसाठी किमान मजुरीचे दर शासन जाहीर करते व ते वेळोवेळी बदलतात. म्हणून जुना ऐकीव आकडा धरून न चालता चालू दर आपल्या जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून विचारून घ्यावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घ्यावा.

समान काम, समान मजुरी

वेतन संहितेनुसार एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी स्त्री व पुरुष यांच्या मजुरीत भेद करता येत नाही. सारखे काम म्हणजे कोणते? ज्या कामाला लागणारे कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे ते.

आपल्याकडे डवरणी, वखरणी, फवारणी ही पुरुषांची कामे आणि निंदण, वेचणी ही स्त्रियांची कामे अशी वाटणी रूढ आहे. मात्र हरभऱ्याची सोंगणी, सरकी टोबणे, खत देणे, तुरीची कापणी, पऱ्हाटी उपटणे ही कामे दोघेही करतात. एकाच धुऱ्यावरून दोघे कामाला सुरुवात करतात आणि एकाच वेळी सुटतात. तरी संध्याकाळी हातावर पडणारी रक्कम वेगळी असते. हा भेद कायद्यात बसत नाही.

समजा, हरभरा सोंगणीला पुरुषास ५०० रुपये व स्त्रीस ३०० रुपये रोज दिला. (येथील व पुढील दर केवळ हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत.) फरक दिवसाला २०० रुपयांचा. वर्षात दोघांनी मिळून करावयाच्या अशा कामांचे ६० दिवस धरले तर त्या स्त्रीचे १२,००० रुपये बुडाले. भूमिहीन कुटुंबात एवढ्या रकमेत मुलांची वह्या-पुस्तके, कपडे आणि काही महिन्यांचा किराणा येतो.

"बाई कमी काम करते" असे काही जण सांगतात. तसे वाटत असेल तर मजुरी ओळींवर किंवा मापावर ठरवावी आणि दर दोघांना एकच ठेवावा. जो जितके काम करील तितके त्याला मिळेल. अट एवढीच की, मापावरचे काम झाले तरी नेहमीचा दिवसभर काम करणाऱ्याची मजुरी किमान दराच्या खाली जाता कामा नये.

कापूस वेचणीचा हिशोब

वेचणी किलोवर दिली जाते, त्यामुळे येथे तीन गोष्टींवरून वाद होतात.

१) वेचणीप्रमाणे दर बदलणे : पहिल्या-दुसऱ्या वेचणीत बोंडे भरपूर फुटलेली असतात. उलंगवाडीच्या सुमारास तेवढ्याच वेळात निम्माही कापूस निघत नाही. समजा किमान मजुरी दिवसाला ४०० रुपये आहे आणि वेचणीचा दर किलोला ८ रुपये आहे. पहिल्या वेचणीत बाईने ५० किलो वेचले तर ४०० रुपये होतात. शेवटच्या वेचणीत दिवसभर राबून २५ किलोच निघाले तर २०० रुपये होतात. येथे दर १६ रुपये करावा किंवा वेचणी रोजाने द्यावी. संपूर्ण हंगामाला एकच किलोदर ठरविणे हा अन्याय तर आहेच, शिवाय अशा वेळी बाया शेवटच्या वेचणीला येत नाहीत आणि कापूस झाडावरच खराब होतो.

२) वजन : वजन धुऱ्यावर, वेचणाऱ्या सर्व बायांच्या समोर, प्रमाणित काट्याने करावे. ओझ्याच्या कापडाचे वजन आधी मोजून तेवढेच वजा करावे. अंदाजाने "किलोभर सोडा" असे म्हणू नये. दर ओझ्यामागे १ किलो जादा वजा झाला, तर ५० दिवसांत ५० किलो होतात. ८ रुपये दराने हे ४०० रुपये, म्हणजे एका बाईचा पूर्ण एक रोज झाला.

३) ओलावा व कचरा : सकाळच्या दवातील कापूस ओला असतो म्हणून वजन कापले जाते. यावर उपाय असा की, दव उडाल्यावर वेचणी सुरू करावी आणि कामाची वेळ त्याप्रमाणे आधीच ठरवावी. स्वच्छ, पानकचरा नसलेल्या वेचणीसाठी किलोमागे थोडा जादा दर ठेवणारे शेतकरी तोट्यात जात नाहीत. स्वच्छ कापसाला बाजारात मिळणारा फरक त्यांना भरून मिळतो.

सालदाराचा करार

गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत सालदारांची बोली होते. साल ठरते, उचल दिली जाते, पोळ्याला कपडे व वर्षाला काही पायल्या धान्य असे बोलले जाते. कागदावर यापैकी बहुधा काहीच येत नाही. पुढे खाडे, उचल आणि धान्य यांवरून भांडण होते तेव्हा ज्याच्याजवळ वही असते त्याचेच म्हणणे चालते, आणि वही मालकाचीच असते.

सालदाराबाबत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) मजुरीचा कालावधी एका महिन्यापेक्षा मोठा ठेवता येत नाही. म्हणजे सालाची रक्कम वर्षाअखेरीस एकदम देण्याची पद्धत आता कायद्याला धरून नाही. सालाचे बारा हप्ते करून दरमहा, पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत रक्कम द्यावी.

२) सालाची रक्कम बारा महिन्यांनी व कामाच्या दिवसांनी भागून पाहावी. ती किमान दरापेक्षा कमी येत असेल तर साल कमी ठरले आहे असे समजावे.

३) धान्य, कपडे, जेवण अशा वस्तूरूप मोबदल्यापैकी एकूण मजुरीच्या १५ टक्क्यांपर्यंतचीच किंमत मजुरीत धरता येते. बाकी मजुरी पैशातच द्यावी.

४) खाडा झाला तर त्या दिवसाचीच मजुरी कापावी. एका खाड्याला दोन दिवस कापणे बेकायदेशीर आहे. सर्व मिळून कपात मजुरीच्या निम्म्याहून अधिक होऊ नये.

५) सालदार काम सोडून गेला किंवा त्याला काढले, तर त्याची बाकी दोन कामाच्या दिवसांत चुकती करावी.

६) सालदार ठेवला म्हणजे त्याची बायको व मुले ठेवली असे होत नाही. तिने गोठ्यातील शेण काढले, अंगण झाडले तर त्याची मजुरी वेगळी होते. फुकट करून घेतलेले असे काम ही वेठ होय. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर वेठ करून घेणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा ठरतो.

उचलीबद्दल विशेष काळजी घ्यावी. उचल देणे गुन्हा नाही. ती ठरलेल्या हप्त्यांनी वळती करता येते. पण "उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येणार नाही" किंवा "उचल घेतली म्हणून कमी मजुरीत काम कर" अशी अट आली की ती वेठबिगारी होते. १९७६ च्या कायद्याने असे कर्जच रद्द ठरते. दोषी इसमास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हे कर्ज वेठीचे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर असते.

फवारणी : जिवाचा प्रश्न

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. अकोला व अमरावतीसह विदर्भातील इतर जिल्ह्यांतही विषबाधेच्या घटना घडल्या. चौकशीसाठी अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. बाधितांत शेतकरी होते, तसेच रोजाने फवारणी करणारे मजूरही मोठ्या संख्येने होते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती. त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधांची मिश्रणे वापरली जात होती आणि अंगावर साध्या कपड्यांशिवाय काहीच नव्हते.

शेतकऱ्याने स्वतः फवारणी करताना पत्करलेला धोका त्याचा स्वतःचा असतो. मजुराला तो धोका पत्करायला लावणे ही वेगळी गोष्ट आहे. कीटकनाशके कायदा, १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांत औषध हाताळणाऱ्यांसाठी संरक्षक पोशाख, श्वसनाचे साधन व प्रशिक्षण यांच्या तरतुदी आहेत. मजूर लावणाऱ्याने पुढील गोष्टी कराव्यात.

१) हातमोजे, नाकातोंडावरचा मुखवटा, चष्मा, पूर्ण बाह्यांचा पोशाख व गमबूट शेतकऱ्याने स्वतः पुरवावेत. "तू घेऊन ये" असे सांगू नये. त्यांची किंमत औषधाच्या खर्चातच धरावी.

२) डब्यावरील त्रिकोणाचा रंग मजुराला दाखवून समजावून सांगावा. लाल अतितीव्र विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा विषारीपणा उतरत जातो.

३) वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व भर उन्हात फवारणी करायला लावू नये. नोझल तोंडाने फुंकू नये. मिश्रण काठीने ढवळावे, हाताने नव्हे.

४) पाणी आणून देणाऱ्या व औषध कालवून देणाऱ्या बायांनाही तितकाच धोका असतो. त्यांनाही हातमोजे व मुखवटा द्यावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि १८ वर्षांखालील मुलांना फवारणीच्या कोणत्याही कामास लावू नये.

५) काम संपल्यावर हातपाय धुण्यास, आंघोळीस साबण व पाणी शेतावरच द्यावे आणि त्यासाठी लागणारा वेळ कामाच्या वेळेत धरावा.

६) डोकेदुखी, मळमळ, घाम, डोळ्यांसमोर अंधारी अशी लक्षणे दिसताच काम थांबवावे. कपडे बदलून अंग धुवावे, औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घेऊन १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने दवाखान्यात न्यावे. दूध, तूप पाजण्यात वेळ घालवू नये. दवाखान्याचा खर्च व त्या दिवसांची मजुरी शेतकऱ्याने द्यावी.

साधने नसतील तर फवारणीस नकार देणाऱ्या मजुराला कामचुकार समजू नये. तो स्वतःचा जीव वाचवितो आहे आणि आपल्यालाही मोठ्या संकटातून वाचवितो आहे.

मुले, अपघात आणि बाहेरगावचे मजूर

१४ वर्षांखालील मुलांना मजुरीस लावणे कायद्याने बंद आहे. शाळा सांभाळून स्वतःच्या घरच्या शेतात हातभार लावणे एवढीच सूट आहे. आईबरोबर वेचणीला आलेल्या मुलीचा कापूस आईच्या ओझ्यात मोजून घेतला, तरी ती बालमजुरीच ठरते. मुलाला ढोरकी म्हणून ठेवणेही यातच येते.

अपघाताबाबत एक तफावत लक्षात घ्यावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावे असलेली शेतकरी अपघात अनुदानाची योजना खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. भूमिहीन मजुराच्या नावे सातबारा नसतो, म्हणून तो तीत बसत नाही. साप मात्र सातबारा पाहून चावत नाही. म्हणून नेहमी येणाऱ्या मजुरांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्यांच्या बँक खात्यातून सुरू करून द्यावा. वय १८ ते ७० वर्षे, वर्षाचा हप्ता २० रुपये आणि अपघाती मृत्यूस २ लाख रुपये असे त्याचे स्वरूप आहे. दहा मजुरांचे वर्षाचे २०० रुपये शेतकऱ्याने भरले तर ते त्याला जड नाही. अर्थात, विमा काढला म्हणून मळणीयंत्राचा पट्टा उघडा ठेवण्याची मोकळीक मिळत नाही. ट्रॅक्टर व यंत्रावर काम करताना मजूर जखमी झाल्यास भरपाईची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते.

बाहेरगावचे मजूर मुकादमामार्फत येतात. मजुरीची रक्कम मुकादमाच्या हाती देऊन आपण मोकळे झालो असे समजू नये. मुकादमाने मजुरांना पैसे दिले नाहीत तर ज्याच्याकडे काम झाले त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. शक्यतो प्रत्येकाच्या हाती किंवा खात्यात रक्कम द्यावी. राहण्यास कोरडी जागा, पिण्याचे पाणी, रात्री उजेड आणि स्त्रियांसाठी आडोसा यांची सोय करावी. शिधापत्रिका असेल तर दुसऱ्या गावच्या रास्त भाव दुकानातही त्यांना धान्य मिळू शकते, याची माहिती द्यावी. लहान मुलांना गावच्या अंगणवाडीत नेऊन सोडण्यास मदत करावी.

शेतावर स्त्रियांशी असभ्य वर्तन झाल्यास, मग ते मालकाने करो, मुकादमाने करो वा सोबत्याने, २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. शेत हेसुद्धा कामाचे ठिकाणच आहे.

"आम्हालाच भाव नाही, मजुरी कोठून वाढवू?"

हा प्रश्न खोटा नाही. एकरी निंदणास ८ रोज लागत असतील आणि रोजामागे १०० रुपये वाढले तर एका निंदणाचा खर्च एकरी ८०० रुपयांनी वाढतो. कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याला ही रक्कम लहान नाही.

परंतु हिशोबाची दुसरी बाजूही पाहावी. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना जो खर्च पाहतो, त्यात प्रत्यक्ष दिलेली मजुरी धरली जाते. घरच्या माणसांनी केलेल्या श्रमाचे मोलही गावातील मजुरीच्या आधारे लावले जाते. २०१८-१९ पासून हमीभाव या दोन्ही खर्चांच्या दीडपट असावा असे धोरण आहे. म्हणजे गावात बायांची मजुरी कमी राहिली तर स्वतःच्या शेतात राबणाऱ्या आपल्या घरच्या बाईच्या श्रमाचे मोलही कमीच लागते. मजुरी दडपून पिकाचा खर्च कागदावर कमी दाखविणे हे शेतकऱ्याच्याच भावाच्या मागणीच्या विरुद्ध जाते. शेतमालाला रास्त भाव मिळाला तरच मजुरालाही रास्त मजुरी देता येईल, अशी मांडणी शरद जोशी यांनी केली होती. या मांडणीचे दोन्ही भाग एकत्र लक्षात ठेवावेत.

खर्च आटोक्यात ठेवण्याचे मार्ग मजुरी कापण्याखेरीज इतरही आहेत. वेळेवर डवरणी करून निंदणाचे रोज कमी करावेत. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सावड करावी. बचत गटाच्या बायांशी हंगामाआधीच दर ठरवून लेखी बोली करावी, म्हणजे ऐन वेळी चढाओढ होत नाही. ज्याचा चुकारा वेळेवर होतो त्याच्या शेतात मजूर आधी जातात, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे.

नोंद कशी ठेवावी?

शेतीसाठी पाच किंवा त्यांहून कमी माणसे लावणाऱ्यास वेतन संहितेने नोंदवह्यांतून सूट दिली आहे. पण अधिकाऱ्याने मागणी केल्यास मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावा लागतो. मजुराने बाकीची मागणी केल्यास पैसे दिले होते हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते. अशी मागणी तीन वर्षांपर्यंत करता येते आणि मजुरी बुडविल्याचे ठरल्यास बाकीशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून लहान शेतकऱ्यानेही दोनशे पानी वही करावी व तीत पुढील रकाने आखावेत : तारीख, मजुराचे नाव, काम, वेळ किंवा वजन, दर, झालेली मजुरी, दिलेली रक्कम, बाकी आणि सही किंवा अंगठा. सालदाराला याच नोंदीची एक छोटी वही स्वतंत्र द्यावी व ती त्याच्याजवळच ठेवू द्यावी.

चुकाऱ्याचा नियम सोपा आहे. रोजंदाराला त्याच दिवशी काम सुटताना पैसे द्यावेत. आठवड्याची बोली असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी द्यावेत. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी चुकारा ठेवला तर मजुराला उधारीवर किराणा घ्यावा लागत नाही.

तक्रार कोठे करावी?

मजुरीची तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करावी. वेठबिगारीची तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करावी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० हा त्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. शेतकऱ्याला खोट्या तक्रारीची भीती वाटत असेल, तर वर सांगितलेली वही हेच त्याचे संरक्षण आहे.

या हंगामापूर्वी करावयाची कामे

१) चालू किमान मजुरीचा दर कामगार कार्यालयातून माहीत करून घ्यावा.

२) जी कामे स्त्री-पुरुष दोघे करतात त्यांची यादी करून दोघांना एकच दर ठरवावा.

३) वजनकाटा तपासून घ्यावा. वेचणीचे दर प्रत्येक वेचणीपूर्वी बायांशी बोलून ठरवावेत.

४) सालदाराशी लेखी करार करावा, उचल व हप्ते त्यात लिहावेत, दोन प्रती कराव्यात.

५) फवारणीची साधने औषधाबरोबरच विकत आणावीत.

६) नेहमीच्या मजुरांचा अपघात विमा काढून द्यावा.

ही सहा कामे करण्यास दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. गावातील दहा-वीस शेतकऱ्यांनी ग्रामसभेत एकत्र बसून दर व वेळा ठरविल्या, आणि त्या बैठकीला मजूर स्त्री-पुरुषांनाही बोलावले, तर एकट्या शेतकऱ्यावर भार पडत नाही आणि मजुरालाही कोणाच्या दारी हुज्जत घालावी लागत नाही. शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या ग्रामसभेत हा विषय अवश्य घ्यावा.